पाहुणा वऱ्हाडात का येत नाही?

एनसीसीच्या एखाद्या कॅडेटची परदेश दौऱ्यासाठी निवड झाली की आपल्याकडे दोन दिवसांत स्थानिक पानावर फोटो झळकतो. ब्लेझर, गळ्यात हार, एका बाजूला प्राचार्य, दुसऱ्या बाजूला आईवडील, आणि वर 'जिल्ह्याच्या शिरपेचात तुरा' छापाचा मथळा. कौतुक व्हायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या बदल्यात तिकडचा कोण पोरगा इकडे आला, कुणाकडे राहिला, इथं काय शिकून गेला, याची बातमी अमरावती-अकोल्याच्या पेपरात मी तरी वाचलेली नाही. देवाणघेवाणीतली निम्मीच बाजू आपल्या हिशेबात आहे.

एनसीसी 1948 ची, तिची वायुशाखा 1950 ची. वऱ्हाडात मात्र एनसीसी म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती आर्मी विंगची खाकी. वायुशाखेचं पथक, 2 महाराष्ट्र एअर स्क्वाड्रन, नागपूरला. परदेशी जाण्याची वाट जानेवारीतल्या दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिरातून, म्हणजे पोरांच्या भाषेत 'आरडीसी'तून जाते. ड्रिल, मुलाखत, सामान्य ज्ञान, सांस्कृतिक कार्यक्रम अशा चाळण्या लागत लागत शेवटी मोजके उरतात. त्यात इंग्रजी फाडफाड बोलणारा पुढे सरकतो आणि दर्यापूर-मूर्तिजापूरकडचा, हाताने हुशार पण बोलायला बिचकणारा, मागे राहतो. निवड करणाऱ्यांचा यात दोष नाही. जो देशाचा चेहरा म्हणून जाणार, त्याला बोलता यायला हवं, असं ते म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. मात्र तेवढ्याने मुलगा उडण्यातलं काही शिकून येतो की नुसता फिरून येतो, हा प्रश्न सुटत नाही.

हवाई कॅडेटांच्या या भेटी मुळात निघाल्या त्या युद्धाच्या पोटातून. ब्रिटनने 1941 मध्ये एअर ट्रेनिंग कोअर उभी केली ती पोरांना हवाई दलासाठी तयार करायला. आपल्या अकोल्याची शिवणीची धावपट्टीही त्याच काळातली, 1943 ची. युद्ध संपलं आणि 1946 मध्ये ब्रिटन व कॅनडाने आपापले कॅडेट एकमेकांकडे पाठवायला सुरुवात केली. पाठोपाठ अमेरिकेचं सिव्हिल एअर पेट्रोल आलं आणि पुढे बरेच देश सामील झाले. बॉम्बफेकीसाठी ज्यांना तयार करायचं, त्याच वयाच्या पोरांना परक्या देशात पाहुणे म्हणून धाडायचं, ही कल्पना मला त्या काळातल्या कितीतरी तहनाम्यांपेक्षा शहाणपणाची वाटते. अनेक ठिकाणी काही मुक्काम यजमान कुटुंबाच्या घरी असतो. हँगर आणि कारखाने कुठेही सारखेच. घर मात्र कुणाला सजवून ठेवता येत नाही. जेवताना बापलेकांत वाद होतो, आजी टीव्हीवर खेकसते, आणि पाहुण्याला तो देश कळतो.

या बाबतीत अमरावतीचा स्वतःचा अनुभव जुना आहे. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक 1936 मध्ये ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिनला गेलं आणि तिथं आपले देशी खेळ दाखवून आलं. पुढे 1949 मध्ये स्टॉकहोमच्या 'लिंगियाड' या व्यायाम महोत्सवालाही मंडळ पोचलं. त्या पोरांजवळ दाखवण्यासारखं काहीतरी होतं, आणि ते दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. म्हणून ती खरी देवाणघेवाण. पण त्याच बर्लिनची दुसरी बाजूही विसरता येत नाही. खेळांच्या दिवसांत पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून ज्यूविरोधी पाट्या रस्त्यांवरून उतरवल्या होत्या. यजमानाच्या मनात असेल तेवढंच पाहुण्याला दिसतं. आपण काही त्या पंक्तीत बसत नाही, पण जानेवारीत येणाऱ्या परदेशी कॅडेटांपुढेही आपण संचलन आणि राजधानीच मांडतो, आणि ते तेवढाच भारत मनात घेऊन विमानात बसतात.

वऱ्हाडात त्यांना दाखवायचं तरी काय, असं कुणी म्हणेल. मी म्हणतो, ऊन दाखवा! हे थट्टेने म्हणत नाही. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटरवर. पारा 45 वर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ते जवळजवळ 1500 मीटर उंचीवर उभं असतं, म्हणजे चिखलदऱ्याच्याही वर. इंजिनाला प्राणवायू कमी, पंख्याची पकड कमी, पंखांना उचल कमी, तिन्हीकडून मार. उडायला धावपट्टी जास्त लागते आणि शिवणीची धावपट्टी तर सुमारे 1400 मीटरचीच. ती लांबवायचा विषय कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी येऊन वर्षानुवर्षं अडतो. (याच अमरावती-अकोला पट्ट्यात 2022 च्या जूनमध्ये 75 किलोमीटरचा डांबरी रस्ता पाच दिवसांच्या आत टाकून विक्रम केला होता. जमीन ताब्यात असली की आम्ही काहीही करतो.)

एनसीसीसाठी घेतलेलं शिकाऊ विमान आहे स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीचं 'व्हायरस'. कोरोनानंतर हे नाव ऐकून कुणाचीही आई दचकेल, पण विमान गुणी आहे. इंजिन ऑस्ट्रियाचं, 80 अश्वशक्तीचं. आल्प्सच्या थंड हवेत जन्मलेलं हे यंत्र उन्हाळ्यात आपल्याकडे कसं वागतं, ते तिकडच्या कॅडेटला पुस्तकातली आकडेवारी वाचून अंगी लागणार नाही. सकाळी दहानंतर काळी जमीन तापते आणि उलंगवाडी झालेल्या पऱ्हाटीच्या वावरावरून गरम हवेचे झोत वर निघतात. घारी पंख न हलवता त्यावर चढत जातात. हलक्या विमानाला मात्र तेच झोत धक्के देतात. बर्लिनला दाखवलेल्या देशी खेळांसारखा हा आमच्याकडचा मल्लखांब समजा.

आता निमित्तही आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर 16 एप्रिल 2025 पासून मुंबईचं विमान उतरतं. त्याच आवारात एअर इंडियाने वैमानिक प्रशिक्षण संस्थेची घोषणा केली: वर्षाला 180 वैमानिक, 34 शिकाऊ विमानं. उडणं म्हणजे नागपूरला जाणं, ही अमरावतीच्या पोरांची समजूत यामुळे मोडेल. फक्त एक धास्ती वाटते. ही संस्था कुंपणाआडचं वेगळं बेट होऊन बसली तर गावाला मिळेल फक्त डोक्यावरची घरघर. लाखो रुपयांची फी भरून येणारी पोरं बाहेरची असतील, निघूनही जातील. कॅडेटांच्या भेटी बेलोऱ्याला बांधून घेतल्या तर ते कुंपण थोडं तरी खाली येईल.

यावर हरकती ठरलेल्या आहेत. सुरक्षा, परवानग्या, आजारी पडला तर जबाबदारी कोणाची, सगळ्या खऱ्या. एप्रिलमध्ये परदेशी पोर अकोल्यात आणणं म्हणजे त्याचा छळ, असंही कुणी म्हणेल. मग सहा ते नऊ उडवा, दुपारी कूलरसमोर ग्राउंड क्लास घ्या, संध्याकाळी भाकरीसोबत झुणका-ठेचा द्या आणि पाण्याचा जग जवळ ठेवा. पहिल्या वर्षी दोनच पाहुणे बोलवा, एक अमरावतीला, एक अकोल्याला. कुणाचा पाहुणचार भारी ठरला, यावर दोन्ही गावांत पुढची दहा वर्षं भांडण चालेल. तेवढी तयारी मात्र हवी.