वाकडा दात, वाकडे मन

हुमनाबादहून कलबुर्गीला आम्ही बापलेक महिन्यातून एकदा जातो. २०१७ साली बीदर–कलबुर्गी रेल्वे सुरू झाल्यापासून ही वाट सोपी झाली आहे. लेकीचे वय तेरा. वरच्या दोन सुळ्यांना जागा न मिळाल्याने ते हिरडीत उंचावर निघाले, म्हणून दातांना तार बसविली आहे. आमच्या लहानपणी दात दुखला की उपटणे एवढाच उपाय ठाऊक होता. आता बीदर, कलबुर्गी दोन्हीकडे दंतमहाविद्यालये आहेत.

तार बसली त्या दिवशी परतताना मी खिडकीबाहेरच पाहत राहिलो. ते पोलाद पाहवेना. याच तोंडाचे बोळके पाहून सारे घर हसत असे. पहिला दुधाचा दात पडला तेव्हा माझ्या खांद्यावर बसून तिने तो छपरावर फेकला होता.

वाचकहो, देह मुलीचा, वेदना मुलीची आणि निर्णय मात्र बापाचा! हा अधिकार मला कोणी दिला?

दुसऱ्याचा वाकडेपणा काढायला धावणाऱ्यास स्वतःकडे वळविणारे बसवण्णांचे वचन आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. वाकड्याला कन्नडमध्ये 'डोंकु' म्हणतात. आजवर हे वचन मी भांडखोर शेजाऱ्यांना आणि पुढाऱ्यांना ऐकविले. दवाखान्याच्या बाकावर ते मलाच लागू पडले. मनाला विचारले, तार कशासाठी? उत्तर आले, घास नीट चावता यावा, दात किडू नयेत. ते खरेच होते. पण त्यामागे दुसरे उत्तर दडून बसले होते. उद्या पाहुणे मुलगी पाहायला येतील तेव्हा काय? म्हणजे शाळकरी लेकीला मी मनातल्या मनात पाटावर बसवून मोकळा झालो होतो! मुलाचे दात असते तर इतकी घाई केली असती काय?

एवढ्यावरून उपचार चुकीचा ठरत नाही. पण तिला विचारायला हवे होते, ते मी फार उशिरा विचारले. "बाळ, नको वाटत असेल तर काढून टाकू या का?"

"निम्मं झालंय अप्पा, राहू द्या. वेळामावस्येला माझा ऊस तेवढा तुम्ही खा."

दात सरकतो तो तारेच्या हिसक्याने नव्हे, असे डॉक्टर सांगतात. हलका दाब सतत राहिला की दाताच्या एका बाजूचे हाड विरते, दुसऱ्या बाजूस नवे भरते. म्हणून दीड-दोन वर्षे लागतात. जोर जास्त झाला तर मूळच झिजते. हे ऐकताना, दहावीच्या गुणांवरून थोरल्या मुलाला मी किती ओढले, ते आठवून मान खाली गेली.

तार निघाल्यावरही दात जुन्या जागेकडे परतू पाहतात. म्हणून रात्री पट्टी लावून झोपावे लागते, तेही काही वर्षे. "रोज आठवणीने कोण लावणार?" डॉक्टरांनी विचारले. मी म्हणालो, "मी लावून देत जाईन."

लेक माझ्याकडे पाहून हसली, तारेसकट. "अप्पा, तेव्हा मी हॉस्टेलला असेन."

परतीच्या गाडीत कमलापूर येईपर्यंत आम्ही दोघे काही बोललो नाही.