त्यांनी वर्ष दिले, आपण म्हैस दिली

बेकारी भत्ता घेणाऱ्याने धंदा काढू नये, असे ब्रिटनच्या कायद्यात कुठे लिहिलेले नव्हते. तशी गरजच नव्हती. जुलै १९४८ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय विमा योजनेने माणसांचे तीन वर्ग केले: नोकरदार, स्वतःचा व्यवसाय असणारे आणि कमाई नसलेले. बेकारी भत्ता फक्त पहिल्यांना, आणि तोही कामासाठी ‘उपलब्ध’ राहण्याच्या अटीवर. काम म्हणजे दुसऱ्याकडची नोकरी. स्वतःच्या दुकानाची मांडणी करण्यात दिवस घालवणारा माणूस ‘उपलब्ध’ नाही, म्हणून त्याचा भत्ता बंद. नव्या धंद्यात पहिले काही महिने गल्ल्यात काही पडत नाही, हे कोणताही वाणी सांगेल. नेमक्या त्याच महिन्यांत हातचा आधार जायचा. हिशेबी माणूस मग घरीच बसे.

सत्तरच्या दशकात कारखाने बंद पडू लागले आणि बेकारांच्या रांगा हटेनात, तेव्हा या विचाराला पहिला धक्का बसला. धंदा काढणाऱ्या बेकाराला त्याचा पुढचा भत्ता एकरकमी भांडवल म्हणून देण्याचा प्रयोग फ्रान्सने १९७९ मध्ये केला. पैसा तोच, पण आता तो बसून राहण्याचा मोबदला नव्हता.

ब्रिटनने दुसरी वाट धरली, आणि मला ती अधिक शहाणपणाची वाटते. जानेवारी १९८२ मध्ये तिथल्या बेकारांचा आकडा ३० लाखांवर गेला. त्याच वर्षी काही भागांत एक योजना चाचणीसाठी सुरू झाली आणि १९८३ मध्ये ती देशभर गेली. आठवड्याला ४० पौंड, वर्षभर. मुख्य अटी अशा की धंदा नवा हवा, त्यात पूर्णवेळ राबायला हवे आणि हाताशी १,००० पौंड असल्याचे दाखवायला हवे. ही शेवटची अट म्हणजे गंमतच. बेकाराकडे हजार पौंड कुठून येणार? मित्राकडून उसने आणून खात्यात दाखवायचे आणि काम झाले की परत करायचे, असे किस्से तिकडे अजून रंगवून सांगतात. पण योजनेचे मर्म दुसरीकडे होते. धंदा चालला म्हणून ४० पौंड कापले जात नसत. कमावल्याची शिक्षा नव्हती.

ॲलन मॅगीची क्रिएशन रेकॉर्ड्स ही संगीत कंपनी या पैशावर उभी राहिली. ओॲसिस हा बँड नंतर तिनेच पुढे आणला. चित्रकार ट्रेसी एमिन यांचे नावही या यादीत घेतले जाते. अशा याद्यांवर फार विसंबू नये. बुडालेल्यांची यादी कोणी छापत नाही, आणि सरकारला बेकारांचा आकडा खाली आणायची घाई होती, हा आरोपही खोटा नव्हता. तरीही हेतू काहीही असो, गरिबाला सुरुवात करायला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे सरकारने द्यावेत, हे तिथे मान्य झाले.

अमेरिकेने हे दोन्ही मार्ग तपासून पाहिले. वॉशिंग्टन राज्यात एकरकमी, मॅसॅच्युसेट्समध्ये दर आठवड्याला. १९९३ मध्ये यासाठी कायदा झाला तो दुसऱ्या नमुन्यावर. जर्मनीने २००३ मध्ये महिन्याला पहिल्या वर्षी ६००, दुसऱ्या वर्षी ३६० आणि तिसऱ्या वर्षी २४० युरो अशी उतरती मदत दिली.

आणि मग ब्रिटननेच पाऊल मागे घेतले. २०१३ पासून आलेल्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या सरकारी मदतीत नव्या धंद्याला साधारण बारा महिन्यांची सवलत असते. त्यानंतर कार्यालय धरून चालते की तुम्ही किमान वेतनाइतके कमावताच. समजा, एखादा बागकाम करतो. जानेवारीत बर्फ, काम नाही, हिशेबात आवक शून्य. कार्यालयाच्या लेखी मात्र त्याने आठवड्याला ३५ तास काम करून पूर्ण किमान वेतन मिळवले, आणि मदत त्या न मिळालेल्या पैशाच्या हिशेबाने कापली जाते. जूनमध्ये हातात चार पैसे आले की ते खरे म्हणून कापतात. धंदा हंगामावर चालतो आणि हिशेब महिन्यावर. कोविडच्या काळात हा नियम स्थगित करावा लागला, यातच काय ते आले.

आपल्याकडे काय झाले? २ ऑक्टोबर १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशातल्या सर्व विकास गटांत गेला. बँकेचे कर्ज, त्यावर सरकारी अनुदान, आणि दारात म्हैस. म्हैस आटली तर चारा कशाने आणायचा, हप्ता कुठून भरायचा, तोवर घरात काय शिजवायचे, याची तरतूद नव्हती. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ नीलकंठ रथ यांनी १९८५ मध्येच, नुसती मालमत्ता वाटून बहुतेकांची गरिबी हटणार नाही, असे आकडे मांडून दाखवले होते. युरोपने माणसाला वर्ष दिले. आपण म्हैस दिली, वर्ष दिले नाही.

कमावले की आधार जातो, हाच पेच आज राज्याच्या संजय गांधी निराधार योजनेच्या दारात उभा आहे. तिच्या मासिक अनुदानाला गावात ‘निराधारचा पगार’ म्हणतात. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१,००० रुपये राहिली, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. एखाद्या विधवेने शिलाई मशीन घेतले आणि दिवसाला साठ रुपये सुटू लागले, तर कागदावर ती मर्यादेपलीकडे गेली. मग ती काय करते? कमाई लपवते. तहसीलदाराचा दाखला २१ हजारांच्या आतलाच निघेल असे बघते, बँकेत पैसे टाकत नाही, लघुउद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी करत नाही. आणि नोंद नाही म्हणून कर्जही नाही. याला लबाडी म्हणणाऱ्यांनी त्या जागी स्वतःला ठेवून बघावे.

राज्य सरकारने मर्यादा वाढवावीच. पण त्याहून सोपे काम आधी करता येईल: स्वतःच्या धंद्यामुळे जिचे उत्पन्न मर्यादेवर गेले, तिचे अनुदान त्या दिवसापासून निदान बारा महिने चालू ठेवावे, आणि धंदा बसला तर नव्याने अर्ज न करायला लावता पुन्हा सुरू करावे.