अमानित्व : आईची भूपाळी आणि माझा भूप

आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक ७.

इथून भगवंत ज्ञान म्हणजे काय ते सांगायला लागतात. आपल्याला वाटतं, आता ग्रंथांची, शास्त्रांची नावं येतील. तसं काही येत नाही. पहिलाच शब्द येतो अमानित्व, म्हणजे मोठेपणाची हाव नसणं. दुसरा अदंभित्व, दिखावा नसणं. तिसरा अहिंसा. अकराव्या श्लोकापर्यंत ही यादी चालते आणि शेवटी भगवंत सांगतात की हे ज्ञान, बाकीचं अज्ञान.

हा श्लोक मी कितीतरी वेळा वाचलाय. पण तो मला लागला गेल्या थंडीत, आमच्याच स्वयंपाकघरात.

नेहमीच्या वाचकांना माहीत आहे की चार वर्षांपूर्वी मी गाणं शिकायला लागलो. दिवसभर लॅपटॉपसमोर काम आणि संध्याकाळी गंगापूर रोडला क्लास. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत प्रवेशिका पूर्ण झाली, आता मध्यमा प्रथमची तयारी चालू आहे. इंजिनिअर माणूस, त्यामुळे शास्त्राची बाजू मला फार आवडली. थाट, वादी, संवादी, वर्ज्य स्वर, गानसमय. राग म्हणजे नियमांचा एक संच, असं मी डोक्यात पक्कं बसवून टाकलं होतं.

आई रोज पहाटे चहा टाकताना भूपाळी म्हणते. सिन्नरला आजीकडून शिकलेली. एक दिवस मी कप घ्यायला गेलो आणि सहज म्हणालो, "आई, तू म्हणतेस ना, तो भूप आहे. संध्याकाळचा राग. आणि त्यात निषाद वर्ज्य असतो, तू मध्येच लावतेस."

आई हसली. म्हणाली, "हो का? असेल बाबा."

पुढे जवळजवळ पंधरा दिवस मी खुशीत होतो, कारण माझा कान तयार होतोय. मग एका सकाळी लक्षात आलं की घरात फक्त मिक्सरचा आवाज येतोय. आई गायची थांबली होती. रागावली नव्हती, काही बोललीही नव्हती. फक्त थांबली होती. आणि हे कळायला माझ्या तयार कानाला पंधरा दिवस लागले.

तेव्हा प्रश्न पडला, जो आज तुमच्यासमोर ठेवतो. माझी प्रगती झाली हे खरं. चार वर्षांपूर्वी मला निषाद ओळखू आला नसता. पण माझा कान सुधारला आणि शेजारच्या माणसाचा गळा बंद झाला, तर त्या प्रगतीला ज्ञान म्हणायचं का?

पहिलं उत्तर मनात आलं की मग चुका सांगायच्याच नाहीत. पण ते काही पटत नाही. सर मला रोज चुका सांगतात. गंधार उतरला की हार्मोनियम थांबवून तो परत घ्यायला लावतात. त्याने माझं गाणं बंद पडत नाही, उलट वाढतं. बेसुराला सुरेल म्हणणं ही काही अहिंसा नाही, ती लबाडी आहे. शिवाय याच श्लोकात अहिंसेनंतर थोड्याच अंतरावर आचार्योपासनाही आली आहे. म्हणजे शिकणं आणि शिकवून घेणं भगवंतांना हवंच आहे.

मग फरक कुठे? तो मला संगीतशास्त्राच्या वहीतच सापडला. भूप आणि देशकार, दोन्ही रागांत सूर तेच पाच. सा, रे, ग, प, ध. पण भूपात वादी गंधार, देशकारात वादी धैवत. भूप संध्याकाळचा, देशकार सकाळचा. सूर तेच असले तरी वजन कुठे पडतं त्यावर राग बदलतो. पहिल्यांदा हे शिकलो तेव्हा माझा 'नियमांचा संच' तिथेच थोडा डळमळला होता.

बोलण्याचंही तसंच आहे. सर "निषाद लागला" म्हणतात तेव्हा वजन माझ्या गाण्यावर असतं. तेच शब्द मी आईला म्हणालो तेव्हा वजन माझ्या माहितीवर होतं. तिने विचारलं नव्हतं, तिला परीक्षा द्यायची नव्हती, ती देवाला उठवत होती. शब्द खरे होते, राग चुकला होता. माऊलींनी या श्लोकातल्या अहिंसेवर कितीतरी ओव्या लिहिल्या आहेत, त्यात चालण्याबरोबर बोलण्यातलीही अहिंसा आहे. ती का, हे मला आता कळतंय.

इथे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर आठवतात. लहानपणी फटाक्याच्या अपघातात दृष्टी अधू झालेला हा माणूस १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढतो, गाणं लिहिता यावं म्हणून स्वरलिपी तयार करतो. घराण्याबाहेरच्या माणसालाही शिकता यावं, ही त्यामागची तळमळ. उत्तरायुष्यात ते रामभक्तीकडे वळले आणि आपल्या नाशिकला त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला. गांधीजींच्या प्रार्थनेतल्या रामधुनेची प्रचलित चाल त्यांचीच मानली जाते. एवढं शास्त्र जाणणाऱ्याची ही चाल ज्याला सा कुठे लावायचा ते कळत नाही तोही म्हणू शकतो. त्यांच्या शास्त्राने लोकांना गातं केलं. माझ्या शास्त्राने पहिल्याच फटक्यात एका बाईला गप्प केलं.

त्याच सुमारास मी पहिली चाल बांधली होती. जनाबाईंचा एक अभंग, भूपात. आरोह-अवरोह चोख, गंधारावर न्यास, सगळं नियमात. सरांनी ऐकलं आणि एवढंच विचारलं, "यात श्वास कुठे घ्यायचा?"

मी वहीत बघत राहिलो. श्वासाचा विचारच केला नव्हता. कागदावर बसवलेली चाल, ती म्हणणारं माणूस त्यात नव्हतंच.

घरी येऊन आईला म्हटलं, "माझं एक काम अडलंय. हे जरा म्हणून बघतेस का?" ती म्हणाली, "मला नाही जमायचं तुमचं शास्त्रीय." दोन दिवस मागे लागलो, तेव्हा भाजी निवडता निवडता म्हणाली. जिथे अर्थ संपतो तिथे श्वास घेतला, त्यामुळे माझी एक लांब जागा आपोआप तुटली, आणि बरी तुटली. मग वर जाताना निषाद लागलाच. जिभेवर आलेलं मी गिळलं आणि या वेळी विचारलं, "इथे वर का गेलीस?"

"अरे, इथे ती विठोबाला हाक मारतेय ना? हाक खाली कशी मारणार?"

सरांना तसंच म्हणून दाखवलं. ते म्हणाले, "हा भूप राहिला नाही. पण चाल अशीच ठेव." परीक्षेत मी भूपात निषाद वर्ज्य असंच लिहीन, कारण ते खरं आहे. आईची हाकही खरी आहे. दोन्ही खरं एकाच मनात कसं सांभाळायचं, हे मला अजून नीट जमत नाही.

परवा पहाटे भूपाळी ऐकू आली. दोनच ओळी. मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो तशी ती थांबली. आता मी चहासाठी पाच मिनिटं उशिरा जातो.

आजच्यापुरता एक प्रयोग करून बघा. कुणाची चूक सांगण्याआधी स्वतःला विचारा, वजन कुठे पडतंय? त्याच्या कामावर की माझ्या शहाणपणावर?

हे पांडुरंगा, जे शिकवशील ते कुणाचा आवाज बंद करायला माझ्या हातून वापरलं जाऊ नये.

उद्या श्लोक ८. राम कृष्ण हरी!