रेखीव

घोडेगावात चित्रकला शिकवताना मी ‘रेखीव’ हा शेरा वह्यांवर सढळ हाताने देत असे. रांगोळी रेखीव, अक्षर रेखीव. मुलगी बघून आलेल्या बायकांच्या तोंडी नाकही रेखीव.

लेण्याद्रीला मात्र हा शब्द अडखळतो. तसं सहाव्या लेण्यातल्या चैत्यगृहात खांबांवरचे हत्ती, बैल बघा, कारागिराचा हात कळतो. तिथल्या ब्राह्मी लेखात दाता म्हणून कल्याणच्या सुलसदत्ताचं नाव आहे, हेरणिकाचा मुलगा. हेरणिकात हिरण्य आहे, म्हणजे सोनं. ते घडवणाऱ्याच्या असो की मोजणाऱ्याच्या, पोराने डोंगराला लेणंच घातलं म्हणायचं!

शेजारच्या सातव्या लेण्यात, जुन्या बौद्ध विहारात, मात्र गिरिजात्मज गणपती. भिंतीच्याच दगडातला, शेंदराखाली सोंड शोधावी लागते.

लहानपणी विचारलं होतं, “आजी, हा रेखीव का नाही गं?”

“रेघ ओढली की माणूस दिसतो बाई, देव नाही.”

पटलं होतं तेव्हा. आता मनातल्या मनात तिच्याशी भांडते: मग शेजारच्या चैत्यगृहातला स्तूप? त्यावर ना डोळा, ना नाक, आणि घुमट असा की कंपास फिरवून काढलाय.