थांब, असे कोण म्हणते?

नोकरी लांबली, लग्न जमेना, दुखणे हटेना, की ख्रिस्ती घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते: देवाची वेळ अजून आलेली नाही. पाळक म्हणतात, प्रार्थनासभेतल्या बायका म्हणतात, दवाखान्यात भेटायला आलेला शेजारी उठता उठता म्हणतो. वाक्य खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पवित्र शास्त्राच्या पानोपानी त्याला आधार सापडेल. मला खटकते ते एवढेच, की ते बहुतेक वेळा वाट न पाहणारा माणूस वाट पाहणाऱ्याला ऐकवतो. आजारी माणूस अंथरुणावर पडून स्वतःशी ते म्हणतो तेव्हा ती श्रद्धा असते. शेजारी म्हणतो तेव्हा ती काय असते?

आधी वाट पाहण्याविषयीच थोडे. आपल्या भाषेने या क्रियेला दिलेला शब्द मोठा देखणा आहे. वाट पाहणाऱ्याचे डोळे घड्याळाकडे नसतात, रस्त्याकडे असतात. कोणीतरी येणार आहे हे त्या शब्दातच गृहीत आहे. हिब्रू भाषेत आशेला ‘तिकवा’ म्हणतात, आणि हाच शब्द दोरीलाही आहे. यरीहोतल्या राहाबेने खिडकीला बांधलेला किरमिजी दोर तो हाच. दोरी म्हटली की ताण आला. सैल दोरीने काही बांधता येत नाही. सबुरी म्हणजे स्वस्थ बसणे अशी आपली समजूत असते, तिच्याशी हा शब्द जुळत नाही.

याकोबाच्या पत्रात धीराचा धडा द्यायला शेतकरी उभा केला आहे. पहिल्या आणि शेवटच्या पावसाची तो वाट पाहतो. पॅलेस्टाइनात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, नांगरट-पेरणीच्या वेळी. शेवटचा मार्च-एप्रिलात, दाणा भरताना. उपदेशक हे उदाहरण फार आवडीने घेतात, पण त्यांतल्या अनेकांनी शेतकरी पाहिलेला नसावा असा मला संशय येतो. खानदेश-विदर्भातल्या कोरडवाहू कपाशीवाल्याला विचारा. मृग लागण्याआधीच तो रान तयार करून बसलेला असतो, आणि कित्येकदा पावसाचा टिपूस नसताना धूळपेरणी करून मोकळा होतो. कोरड्या मातीत बी टाकायचे आणि आभाळाकडे पाहायचे. पाऊस वेळेवर आला तर त्याचे पीक इतरांच्या पुढे. चार थेंब पडून उघडीप झाली तर उगवलेले करपते आणि दुबार पेरणीचे कर्ज डोक्यावर बसते. आता यात धीर कोणता आणि घाई कोणती? त्याच्या शेजाऱ्याने पाऊस पडेतो थांबायचे ठरवले, तर तो अधिक श्रद्धावान ठरतो का? बाहेरून पाहणाऱ्याला हे सांगता येत नाही. ज्याचे बी आणि ज्याची जमीन, जोखीम त्याची. म्हणून निर्णयही त्याचा.

शास्त्रातली घाईची दोन उदाहरणे नेहमी सांगितली जातात. एक शौल राजाचे. शमुवेलाने त्याला गिलगालात सात दिवस थांबायला सांगितले होते. समोर मिखमाशात पलिष्ट्यांचा तळ, इकडे घाबरलेली माणसे एकेक करून पळत होती. शौल सात दिवस थांबला. शमुवेल आला नाही, तेव्हा त्याने स्वतःच होमबली अर्पण केला, आणि तो संपतो न संपतो तोच शमुवेल हजर झाला. शौलाचे राज्य टिकणार नाही असे त्याला तिथेच ऐकावे लागले. ही गोष्ट वाचताना मला दर वेळी शौलाची दया येते. उशिरा येणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते: शौल राजा होता, थांबण्याची आज्ञा त्याला स्वतःला झाली होती, आणि शिक्षाही त्यालाच झाली.

दुसरे उदाहरण अब्राहामाचे आणि साराचे, आणि ते अधिक अडचणीचे आहे. वचन मिळून अब्राहामाने हारान सोडले तेव्हा तो 75 वर्षांचा होता. इसहाक जन्मला तेव्हा 100 वर्षांचा. मध्ये पंचवीस वर्षे. एवढ्या काळात साराचा धीर सुटला तर नवल नाही. तिने आपली मिसरी दासी हागार नवऱ्याला दिली, आणि अब्राहामाच्या 86 व्या वर्षी इश्माएल जन्मला. व्याख्यान इथे संपते: पाहा, देवाच्या वेळेआधी हात घातला की असे होते. पण या घाईची किंमत कोणी मोजली? साराने नाही, अब्राहामानेही फारशी नाही. हागारेने मोजली. तिला कोणी विचारले नव्हते. छळ असह्य होऊन ती गरोदर अवस्थेत रानात पळाली. पुढे पोराला घेऊन पाण्याच्या एका मशकीवर घराबाहेर पडली. कथेतल्या या भागात देव मात्र पंचवीस वर्षे थांबत नाही. रानातल्या झऱ्यापाशी तो तिला गाठतो. इश्माएल या नावाचा अर्थच ‘देव ऐकतो’ असा आहे, आणि ती दासी उलट देवालाच एक नाव ठेवते: मला पाहणारा. ज्याला मालकिणीच्या उतावळेपणाने रस्त्यावर आणले, त्याला धीराचे प्रवचन देण्याचे धाडस निदान त्या कथेतला देव करत नाही.

बेथानीतही असेच घडते. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू आहे त्या ठिकाणी आणखी दोन दिवस राहतो. पोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. या उशिरामागे हेतू आहे हे योहान लपवत नाही, पण तो हेतू बोलून दाखवला जातो तो शिष्यांपाशी. मार्था आणि मरीया दोघीही एकच गाऱ्हाणे घेऊन समोर येतात: तू इथे असतास तर भाऊ मेला नसता. उशीर का केला, याचा खुलासा तो त्यांना करत नाही. मरीया रडताना पाहून तोही रडतो. पुढच्या काही क्षणांत काय होणार आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाही ‘वेळ यायची होती’ हे वाक्य त्या अंगणात उच्चारवले नाही. आपण मात्र पुढचे काहीही ठाऊक नसताना ते उच्चारतो.

मराठी ख्रिस्ती माणसाला इथे टिळकांचे घर आठवणे अपरिहार्य आहे. नारायण वामन टिळकांनी 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना त्यांनी विश्वासात घेतले नव्हते. त्यांचा निर्णय देवाच्या वेळेनुसार झाला असेल; बाईंच्या संसाराची वेळ मात्र त्या एका दिवसात फिरली. मुलाला घेऊन नातलगांच्या आधाराने राहण्याची पाळी त्यांच्यावर आली. पुढे दोघे पुन्हा एकत्र आले आणि 1900 साली बाईंनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. त्यामागे जातिभेद माणसाने केलेला आहे ही त्यांची स्वतःला पटलेली खूण होती. नवऱ्याच्या मागोमाग जाण्याचा तो हिशेब नव्हता. पाच वर्षे टिळकांनी वाट पाहिली, हे त्यांच्या पदरात टाकले पाहिजे. पण ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते ते हे, की शेवट गोड झाला म्हणून मधली वर्षे रास्त होती, असा साखरपाक बाई कुठे करत नाहीत. त्या हसतात, हसवतात, आणि दुखलेले दुखलेच असे सांगतात. देवाची वेळ हे बहुधा मागे वळून, स्वतःच्या आयुष्यापुरते वाचायचे अक्षर आहे. दुसऱ्याच्या कपाळावर ते आधीच लिहू नये.

आणि काही उशीर तर देवाचे नसतातच. 1963 च्या एप्रिलात अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात मार्टिन ल्यूथर किंग तुरुंगात होते. शहरातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी वर्तमानपत्रात निवेदन देऊन ही निदर्शने अवेळी असल्याचे म्हटले. किंग यांनी तुरुंगातून त्यांना दीर्घ पत्र लिहिले आणि पुढे आपल्या पुस्तकाला नाव दिले, आम्ही का थांबू शकत नाही. ते स्वतः पाळक होते; सबुरीवरची वचने त्यांना त्या आठ जणांइतकीच पाठ होती. त्यांनी सबुरी नाकारली नाही. माणसांनी लावलेल्या कुलपाला देवाचे कुलूप म्हणायला त्यांनी नकार दिला.

आपल्याकडचे कुलूप जवळच आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, पंजाबातल्या काही शीख जातींचा अपवाद करून. 1956 मध्ये तो सगळ्या शिखांना खुला झाला, 1990 मध्ये बौद्धांना. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान त्या दाराबाहेर राहिले. अहमदनगर परिसरात एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती झालेल्यांत महार-मांग समाजातली माणसे मोठ्या संख्येने होती. त्यांची नातवंडे-पणतवंडे आयोगामागून आयोग पाहत आली आहेत. 2007 साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढावी असे सुचवले, 2022 मध्ये आणखी एक आयोग नेमला गेला. गावात जात सुटत नाही आणि कागदावर ती मिळत नाही. मंडळीतल्या एखाद्या सुखवस्तू वडीलधाऱ्याने अशा तरुणाला, बाळा, देवाची वेळ येईल, असे म्हणावे, तेव्हा तो नेमकी कोणाची बाजू घेत असतो? देवाची वेळ आली नाही म्हणून आदेश बदललेला नाही, असे कुठल्याही स्तोत्रात लिहिलेले नाही. खुद्द मंडळीत, स्मशानभूमीत, सोयरिकीत जो भेद अजून शिल्लक आहे, तोही कोणा देवदूताने अडवून ठेवलेला नाही.

यावर कोणी म्हणेल, मग श्रद्धेत थांबण्याला जागाच उरली नाही. उरली आहे, आणि पुष्कळ. मरणाच्या दारातले माणूस, हरवलेल्या मुलाची आई, उत्तर न मिळणारी प्रार्थना वर्षानुवर्षे करणारा: यांच्या हातात खरोखरच काही नसते, आणि त्यांचे थांबणे पाहून मान खाली जाते. पण तेही मुकाट्याने थांबत नाहीत. स्तोत्रकर्ता देवाला पुन्हा पुन्हा विचारतो, किती काळ. हबक्कूक तर बुरुजावर चढून उभा राहतो, माझ्या तक्रारीला काय उत्तर मिळते ते बघतो म्हणून. दोरी ताणलेली आहे. शेजाऱ्याला त्या बुरुजावर जाऊन उभे राहता येईल. तिथे बोलायला फारसे काही नसते. थंडी मात्र दोघांना सारखीच लागते.

इब्रीकरांच्या पत्रात विश्वासाने जगलेल्यांची लांबलचक यादी आहे, आणि तिच्या मध्यावर जरा थांबून सांगितले आहे, की वचन दिलेले हाती न येताच ही सगळी माणसे मेली. दुरून पाहिले, एवढेच. उपदेशात हा भाग सहसा घाईने वाचतात. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले आणि 1919 साली ते गेले तेव्हा थोडीच प्रकरणे झाली होती. एकेकाळी न विचारता मागे ठेवलेल्या बायकोने पुढचा डोंगर उचलला. 1936 मध्ये त्याही गेल्या. ग्रंथ छापून आला 1938 साली.