रातांब्याचं फळ आणि गीतेतला अधिकार

फळाची आशा धरू नये, हे गीतेचं सांगणं आपल्याकडे फार स्वस्त झालं आहे. परीक्षेत मार्क कमी पडले, धंदा बसला, भांडणात हात टेकले की कोणीतरी ते ऐकवतं आणि विषय मिटवून टाकतं. मला याचा राग येतो. काम करा आणि पुढे त्याचं काय होतं तिकडे बघू नका, एवढाच अर्थ मग उरतो. मी परसातल्या रातांब्यांची आमसुलं करते, लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून करते. हा अर्थ खोटा आहे, याची खात्री मला त्या कामानेच पटवली.

आमच्या सिंधुदुर्गात एप्रिलमध्ये रातांबे लाल व्हायला लागतात. पुरतं पिकलेलं फळ काळपट जांभळं होतं आणि हात लागला तरी देठातून सुटतं. धुऊन, पुसून विळीवर त्याच्या दोन वाट्या करायच्या. गर आणि बिया मीठ घालून टोपात ठेवायच्या, साली उन्हात पसरायच्या. टोपात रस सुटतो. संध्याकाळी साली त्या खारट रसात बुडवायच्या, सकाळी पुन्हा उन्हात घालायच्या. याला पुट देणं म्हणतात. चार-पाच पुटं तरी हवीतच, ऊन कोवळं असेल तर जास्त. पहिल्या दिवशी साल तांबडी नि ताठ असते. तिसऱ्या दिवसापासून ती कडेने आत वळते, रंग खोल जातो. शेवटी ती चामड्यासारखी चिवट मऊ होते आणि दाबली की बोटावर डाग ठेवते. पुट कमी पडलं तर आमसूल आंबटपणाला हलकं राहतं, ऊन कमी पडलं तर बरणीत बुरशी धरते. टोपातला रस गाळून आगळ भरायचं. बिया राखेत चोळून वाळवायच्या; पावसाळ्यात त्या फोडून, मगज वाटून पाण्यात उकळला की वर तेल येतं. ते गार होऊन थिजतं, मग मुठीत वळून त्याचे गोळे करायचे. तेच मुठेल. टाचांच्या भेगांवर याच्यासारखं दुसरं औषध नाही.

फळाकडे पाहू नका म्हणणाऱ्याने एक मोसम हे काम करून बघावं. दिवसभर फळाकडेच पाहायचं असतं. ढग आला का, कोंबडी शिरली का, आज साल उलटायची की उद्या. झाडाखाली रातांबे कुजू देणाऱ्या माणसाला मी विरक्त म्हणणार नाही.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहिलं. ते १९१५ साली प्रसिद्ध झालं. आपल्या कर्मातून काय निपजणार याचा विचार कर्त्याने करायलाच हवा, सोडायची ती त्या फळाला चिकटलेली आपली आसक्ती, असा त्यांचा रोख आहे. मला तो पटतो. पण आसक्ती सोडायची म्हणजे हातांनी नेमकं काय करायचं, हे मला ग्रंथातून कळलं नव्हतं. ते विहिरीजवळच्या नर झाडाने शिकवलं.

रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियाचं रोप लावलं तर ते कुठलं, हे फुलोरा आल्यावाचून समजत नाही, आणि फुलोरा यायला सहा-सात वर्षं सहज जातात. बियाच्या रोपांत निम्म्याच्या आसपास नर निघतात. सासऱ्यांनी विहिरीकडेला लावलेलं, उन्हाळाभर पाणी घालून जगवलेलं झाड नर निघालं. येणारा-जाणारा सांगायचा, तोडा, जागा अडवून उभं आहे. सासूबाईंनी कोयता लावू दिला नाही. त्याचा फुलोरा नसेल तर पलीकडच्या मादीला फळ धरणार कसं, हे त्यांना ठाऊक होतं. त्या मला सांगत, “झाडार आसा तवसर झाडाचो, पडलो काय आपलो, आनि कुजलो काय कोनाचोच नाय.” फळावरचा आपला अधिकार पडण्यापासून कुजण्यापर्यंतचा, तेवढाच. आणि तेवढ्या वेळात तो हक्क कमी, जबाबदारीच जास्त.

आता मी बरणीवर झाकण लावते तेव्हा आत काय काय आहे ते मला दिसतं. मादी झाडाचं फळ आहे, नराचे पराग आहेत, ते वाहून नेणाऱ्या किड्यांचे कष्ट आहेत, आणि त्या झाडाला पाणी घातलेल्या माणसाचे हात आहेत. यातलं माझं किती? आमसुलं माझी आहेत असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पहिलं आगळ देवापुढे ठेवायचं, मग शेजारी द्यायचं, मग चाकरमान्यांच्या पिशव्या भरायच्या. या रीतीमागे मला हाच विचार दिसतो. जे आपलं नव्हतंच, ते पुढे सरकवायचं.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. एवढा जीव लावायचा तर फळ हातचं गेल्यावर दुःख होणार, मग आसक्ती सुटली कुठे? २०२५ साली पाऊस मे महिन्यातच आला. २६ मेला मान्सून मुंबईत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, आणि आमच्याकडे त्याच्याही आधीपासून झोडपत होता. झाडावरचे उशिराचे रातांबे गेले. अर्धवट वाळलेल्या साली माजघरात पंख्याखाली पसरल्या, तरी पांढरी बुरशी चढली. मला रडू आलं. मी ते रडणं आसक्तीत धरत नाही. जीव लावलेली वस्तू नासली तर वाईट वाटणारच. त्याच साली पुसून, मीठ चोळून पाकिटात भरल्या असत्या, कारण मेहनत माझी आणि तिचा मोबदला मला मिळालाच पाहिजे, तर ती आसक्ती झाली असती. त्या खतखड्ड्यात गेल्या. सोडायचं काय, ते अशा वेळी स्पष्ट कळतं.

अरणच्या सावता माळ्यांची कथा आपण सगळे जाणतो. मळा सोडून ते पंढरपूरला गेले नाहीत, विठ्ठलच मळ्यात आला. आजही आषाढात पंढरपूरहून देवाची पालखी अरणला जाते. ही कथा लोक कामचुकार भक्तीला टोमणा म्हणून सांगतात. मला तिच्यात दुसरं दिसतं. तण काढणं, पाण्याची पाळी सांभाळणं, भाजी वेळेवर उपटणं, हे बारीक लक्षच त्या माणसाची पूजा होती. लक्ष काढून घेतलं असतं तर पूजेत काय उरलं असतं?

दापोलीच्या कृषी विद्यापीठाने रातांब्याच्या ‘कोकण अमृता’सारख्या जाती काढल्या. कलम लावलं की ते मादीच असणार आणि फळही लवकर येणार. ज्यांचं पोट बागेवर आहे त्यांनी कलमंच लावावीत, त्यात काही वावगं नाही. पण परसात जागा असेल तर एक रोप बियाचं असू द्या. ते नर निघालं तरी तोडू नका. बी मात्र फळातून काढल्यावर लगेच पेरा. खडखडीत वाळलेलं बी रुजत नाही.