तुंबलेला चर कुणाचा?

आयर्लंडच्या शॅनन नदीला अ‍ॅथलोन शहराच्या खाली उतार जवळजवळ नाहीच. पाणी रेंगाळतं आणि काठच्या सखल गवताळ रानांत पसरतं. तिथले लोक या रानांना ‘कॅलोज’ म्हणतात. हिवाळ्यातला पूर तिथल्या शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेला आहे. त्या पुराने आणलेल्या गाळावरच त्याचं गवत पोसतं. तो धास्तावतो उन्हाळी पुराला. 2023च्या उन्हाळ्यात कापणीला आलेलं गवत पाण्याखाली गेलं. गढूळ पाण्यात कुजलेल्या गवताला गुरं तोंड लावत नाहीत. हिवाळ्यासाठीची वैरणच बुडाली.

मग भांडण पेटतं ते चरांवरून. 1945च्या कायद्याने सरकारने नद्या-ओढे खोदून पाण्याला वाट करून देण्याचं काम अंगावर घेतलं, आणि खोदलेलं राखण्याचंही. त्यासाठीच्या सरकारी खात्याकडे आज सुमारे 11,500 किलोमीटरचे प्रवाह आहेत. त्याहून जुन्या योजनांचे प्रवाह काउंटी कौन्सिलांकडे. बांधालगतचे चर ज्याचे त्याने उपसायचे. आता वरच्याने पदरमोड करून गाळ काढला, पण खालच्याच्या हद्दीत झुडपं माजलेली असली, तर पाणी वरच्याच्याच रानात तुंबतं. लव्हाळा वाढतो, गुरांचे पाय रुततात. विचारायला जावं तर खालचा कौन्सिलकडे बोट दाखवतो आणि कौन्सिल रिकाम्या तिजोरीकडे.

निसर्गाची बाजू मांडणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. सामन माशांच्या ओढ्यांत यंत्र उतरवायला साधारण जुलै ते सप्टेंबर एवढीच मुभा असते; ती तेवढीच असावी. शिवाय वरून घाईने पळवलेलं पाणी खालच्या गावाच्या उंबऱ्याशी लवकर पोचतं. पण कर्ल्यू पक्षी कॅलोजच्या याच गवतात, जमिनीवर घरटी करतात; पूर्वी कॉर्नक्रेकही करत. अवेळी आलेला पूर गवताबरोबर त्यांची अंडीही नेतो. शेतकरी की पाखरू, हा वाद मग कुणाच्या भल्याचा? बुडतात ते दोघंही एकाच पाण्यात.

माझा आक्षेप आहे तो टोलवाटोलवीवर. काही न करणं हाही निर्णयच असतो. त्याची किंमत मोजतो तो सर्वांत सखल रानाचा धनी, आणि त्याला कुणी विचारलेलंही नसतं.

चर उपसायचा ठरला तर तो मुभेच्या महिन्यांत, खालच्या टोकापासून उपसावा, आणि खर्च लाभ घेणाऱ्या सगळ्यांत वाटावा. एखादं रान मुद्दाम ओलं ठेवायचं ठरलं, तर गावासाठी पाणी अंगावर घेणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा मोबदला आधी ठरवून, दरवर्षी द्यावा. पूर ओसरल्यावर हातावर ठेवलेली मदत त्याची जागा घेऊ शकत नाही.